खर्डा, सोनई आणि गावोगावची "घराण्याची अब्रू": कोयता एकाच्या हातात असतो, पण तो देतं कोण?

गोदाकाठची

नगर जिल्ह्यातल्या (आताचं अहिल्यानगर) दोन केसेस शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणून हा धागा काढतेय.

पहिली सोनई, नेवासा तालुका, १ जानेवारी २०१३. मेहतर समाजातली तीन पोरं, संडासची टाकी साफ करायचीय म्हणून बोलावून घेतली आणि मारून टाकली. कारण काय, तर त्यातल्या एकाचं मराठा घरातल्या मुलीवर प्रेम होतं. दुसरी खर्डा, जामखेड तालुका, २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा दलित पोरगा, मुलीशी बोलताना दिसला एवढ्यावरून शाळेतून मारत मारत नेला आणि मग त्याचं प्रेत झाडाला लटकलेलं सापडलं.

सोनईत खून होताना बघणारा कुणी नव्हता. तरी खटला नाशिकला हलवला, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जुळवली आणि जानेवारी २०१८ मध्ये सेशन कोर्टाने सहा जणांना फाशी सुनावली. खर्ड्यात मारहाण दिवसाउजेडी, गावादेखत झाली. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले, त्यात शाळेतली माणसं पण होती. म्हणजे जिथे कुणी बघितलं नाही तिथे शिक्षा लागली आणि जिथे अख्ख्या गावाने बघितलं तिथे कुणीच दोषी नाही! मला ह्या गोष्टीने कितीतरी वर्षं स्वस्थ बसू दिलेलं नाही.

आपण अशा बातम्या वाचतो तेव्हा "राक्षस बाप", "सैतान भाऊ" म्हणतो आणि पान उलटतो. पण तो बाप किंवा भाऊ त्या दिवशी सकाळी उठून एकदम राक्षस झालेला नसतो हो. त्याच्या आधी कित्येक महिने त्याला पारावर, डेअरीवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात ऐकवलेलं असतं, "घरातली पोरगी सांभाळता येईना, कसला पाटील तू", "मिशा काढून टाक", "बांगड्या भर". आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीने कोर्ट मॅरेज केलं, जात वेगळी. वडील सुरुवातीला शांत होते, दोन दिवस जेवले नाहीत पण नंतर म्हणाले जाऊ दे, पोरगा कमावता आहे, सुखी राहो. मग भावकीने त्यांच्या घरच्या वास्तुशांतीला यायचं टाळलं, चुलतभावाने पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिकेतून त्यांचं नाव गाळलं, धाकटीला आलेलं स्थळ परत गेलं. शेवटी त्या माणसाने जिवंत मुलीचं दहावं घातलं, गावजेवणासकट, आणि त्या जेवणाला तीच भावकी पंगत धरून बसली, ज्यांनी आधी तोंड फिरवलेलं तेच वाढायला पुढे. हा माणूस मनाने चांगला होता हे मी आजही म्हणेन. त्याला मुलीपासून तोडणारे लोक मात्र कुठल्याच एफआयआरमध्ये येत नाहीत, आणि अशीच माणसं उद्या खर्ड्यासारख्या केसमध्ये साक्षीला उभी राहिली की त्यांना काही आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मर्दानगी ही एकट्या पुरुषाची गोष्ट नसते, ती बाकीचे पुरुष (आणि घरातल्या बायाही) त्याच्याकडून वसूल करतात, रोज. तुमच्याकडे हे कसं चालतं ते लिहा. बातम्यांच्या लिंका नकोत, आजूबाजूचं लिहा.

माणदेशी_गडी

ताई बरोबर मुद्दा काढला. मी पोरांच्या बाजूनं लिहितो.

आमच्याकडं पोरगं सातवी-आठवीत गेलं की त्याला पहिली जबाबदारी काय मिळती तर "बहिणीवर लक्ष ठिव". बहीण त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असली तरी. ती एसटीत कुणाशेजारी बसली, कॉलेजातनं किती वाजता सुटली, फोनवर कुणाशी बोलती, ह्याचा रिपोर्ट बारक्यानं द्यायचा. आणि त्याला सांगायची पण सोय नसती की मला हे नको, कारण मग तो "बायल्या". मित्रांच्यात सुद्धा तेच, "तुझ्या बहिणीला बघितलं स्टँडवर" एवढं एक वाक्य कुणी टाकलं की पोरगं घरी जाऊन बहिणीच्या कानाखाली वाढवतं, आणि आई म्हणती, भाऊ आहे, काळजीपोटी केलं.

डिसेंबर २०२१ ला वैजापूर तालुक्यात लाडगावला जे झालं ते आठवा. गरोदर बहीण, आई आणि धाकटा भाऊ भेटायला आले म्हणून चहा टाकायला आत गेली, आणि भावानं कोयत्यानं वार केले, आई सोबत होती. जास्त लिहवत नाही. त्या पोराचं वय बघा, मिसरूड फुटायचं वय. त्या वयात ही अक्कल आपोआप येत नाही, ती कुणीतरी दिलेली असती. तालमीत, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, भाऊ-दादांच्या मागं फिरताना, रीलवर तलवारी नाचवताना, सगळीकडनं एकच शिकवण की घरातली बाई आपल्या कंट्रोलमध्ये नसंल तर तू पुरुष नाहीस.

आणि एक, स्वतः हा गडी गावातल्या दुसऱ्या कुणाच्या बहिणीच्या मागं फिरत असतो ते चालतं. ती त्याची मर्दानगी.

सुनंदा_लातूर

खुनापर्यंत गोष्ट जाते तेव्हा पेपरात येतं. पण अब्रूच्या नावाखाली जो अन्याय गावात रोज होतो, बिनरक्ताचा, त्याच्यावर कुणी बोलत नाही म्हणून मी हक्कसोडवर (बहिणीनं आपला हिस्सा भावांना लिहून सोडणं) लिहिते.

महाराष्ट्रानं १९९४ लाच हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क दिला होता, फक्त २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना सोडून. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचा कायदा आला, त्यात लग्न झालेलं असो नसो, सगळ्या लेकींना हक्क. आणि ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमध्ये सांगून टाकलं की हा हक्क जन्मानं आहे, वडील २००५ ला जिवंत असायची गरज नाही. कागदावर आपण किती पुढे आहोत बघा. आता गावात या.

वडील गेले, तेरावं झालं, की पंधरा-वीस दिवसात भाऊ गाडी घेऊन येतो. "ताई चल, तालुक्याला एक सही करायचीय." बहिणीनं विचारायचं नसतं कशाची. दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड पत्र होतं, स्टॅम्प किरकोळ रकमेचा, मग सातबाऱ्यावरून नाव कमी. येताना तिला साडी-चोळी, एखाद्या घरात पैठणी. बस. ज्या जमिनीची एकराची किंमत रस्ता झाल्यापासून कुठल्या कुठं गेली, ती साडीवर गेली! आणि एखादीनं म्हणलंच की मला माझा हिस्सा पाहिजे, तर तिची काय गत होते सांगते. भाऊबीजेला बोलावणं बंद, तिच्या लेकरांना मामा नाही, आईला सुद्धा भेटू देत नाहीत, आणि गावात नाव काय पडतं तर "भावाला कोर्टात खेचणारी". मी आमच्या बचत गटात बघितलंय, नवरा दारू पितो, मारतो, सासरी एक गुंठा नावावर नाही, आणि माहेरी हिचा कायद्यानं दीड एकर होतो, तरी बाई मागत नाही. म्हणते, "ताई, उद्या नवऱ्यानं हाकललं तर माहेरचं दार तरी उघडं असावं." ते दार उघडं राहायची फी म्हणून ती जमीन सोडते. आणि खरंच हाकलल्यावर माहेरचे म्हणतात दिल्या घरी सुखी राहा, परत आलीस तर लोक काय म्हणतील!

तर भावाची इज्जत म्हणजे काय, हा हिशोब मांडून बघा. बहिणीनं न मागणं म्हणजे भावाची इज्जत. मुलगी परजातीत गेली की एवढा संताप का होतो त्याचं अर्धं उत्तर पण इथंच आहे असं मला वाटतं, कारण आता कायद्यानं तिच्यासोबत हिश्श्याचा दावा पण त्या घरात जातो. जावई जातीतला असेल तर त्याला दटावता येतं, पावण्यारावळ्यात बसवून मिटवता येतं. परजातीतला जावई कुणाच्या बैठकीला घाबरणार?

एक_बाप

धागा वाचला. विषय गंभीर आहे आणि खून करणाऱ्यांना फाशीच झाली पाहिजे याबद्दल दुमत नाही. पण मला दोन मुली आहेत, मोठी अकरावीला. सगळ्या बापांना एकाच पारड्यात तोलू नका ही विनंती. अठरा पूर्ण झाले त्या दिवशी मुलगी निघून जाते, पोरगा धड शिकलेला नाही, कमवत नाही, वर्षभरात पदरात मूल आणि हा दुसरीकडे. अशी उदाहरणं आमच्या गल्लीत आहेत. बापाला काळजी वाटली तर ती पण मर्दानगीच का? आम्ही रात्र रात्र झोपत नाही ते लोकांसाठी नाही, पोरीसाठी.

गोदाकाठची

@एक_बाप दादा, तुमची काळजी खरी आहे आणि ती तुमच्या लिहिण्यातून दिसतेय. मी काळजीच्या विरोधात नाहीच. पण काळजी आणि अब्रू ह्यात फरक कुठे पडतो ते मला असं दिसतं: काळजी मुलगी गेल्यावर पण चालू राहते. पोरगा कमवत नाही तर काळजीवाला बाप तिला फोन करेल, पैसे पाठवेल, "कधीही परत ये" म्हणेल. अब्रूवाला बाप म्हणतो "आम्हाला मेलीस".

दुसरं, घरच्यांनी ठरवलेल्या लग्नात हीच काळजी का दिसत नाही? मे २०२५ मध्ये मुळशीतल्या सुनेचा मृत्यू झाला, तिच्या माहेरच्यांनी सांगितलं की लग्नात ५१ तोळे सोनं आणि फॉर्च्युनर गाडी दिली होती, तरी छळ चालूच होता. अख्ख्या महाराष्ट्रात चर्चा झाली. एवढं देणं मुलीच्या सुखासाठी असतं की चार लोकांत घराणं मोठं दिसावं म्हणून असतं, हे आपण सगळ्यांनीच विचारायला हवं ना.

आणि "पळून जाईल" ह्या भीतीपोटी काय होतं ते पण बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातली एक! बीड-जालना-परभणीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना विचारा, ते सांगतील मुलीला मागे एकटी ठेवायची भीती वाटते, काही झालं तर बदनामी. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी उरकून टाकतात, शिवाय नवरा-बायकोची जोडी झाली (तिकडे तिलाच "कोयता" म्हणतात) की कारखान्याच्या मुकादमाकडून कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते. त्या मुलीला धोका ज्यांच्याकडून आहे त्या पुरुषांना कुणी काही बोलत नाही, शाळा मात्र तिची सुटते.

पालावरचा

मी भटक्या समाजातला आहे. जातपंचायतीचा विषय निघणारच म्हणून आधीच लिहितो.

२०१३ ला नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापानेच मारलं, पंचायतीचा दबाव होता अशी तक्रार पुढे आली, आणि त्यानंतर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जातपंचायतीला मूठमाती ही मोहीम सुरू केली. ८ ऑगस्टला नाशिकला परिषद, १५ ऑगस्टला लातूरला. २० ऑगस्टला पुण्यात त्यांचाच खून झाला. काम थांबलं नाही, २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला, जुलै २०१७ पासून लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. आमच्या पोरांनी स्वतः पुढे येऊन लढा दिला, कंजारभाट समाजातल्या तरुणांनी लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला तेव्हा जानेवारी २०१८ ला पिंपरीत त्यांना लग्नाच्या मांडवातच मारहाण झाली. तरी मागे हटले नाहीत. ह्या पोरांना मी खरे मर्द म्हणणार नाही, तो शब्दच नको, धाडसी माणसं म्हणेन.

पण मनातलं सांगतो. पंचायत म्हटलं की सगळ्यांना आमचेच पाल दिसतात. मोठ्या जातींची पंचायत नसते का? तिला भावकी म्हणतात, सोयरीक म्हणतात, मंडळ म्हणतात. आमचे पंच दंडाची पावती तरी फाडायचे, तिकडे पावती नाही, नोंद नाही, फक्त पत्रिकेतून नाव जातं आणि मुलांची लग्नं अडतात. वरच्या धाग्यातल्या त्या दहाव्याच्या जेवणाला कुठला कायदा लावणार?

म्हादईकाठ

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, सगळ्या धर्मांना एकच, मुलगा-मुलगी समान वारस, आईबाप संपत्तीचा अर्धा भाग तर मुलांना डावलून कुणाला देऊच शकत नाहीत. बाहेरचे लोक केवढं कौतुक करतात. तरी लग्नाच्या वेळी किंवा आईबापांच्या पश्चात मुलीला नोटरीसमोर बसवून हक्क सोडायला लावणं इकडेही चालतंच, भाट (बागायत) नि घर भावांचं हे सगळ्यांच्या मनात ठरलेलं. सुनंदाताईंचं वाचून असं वाटलं की नावं बदलली तर ही आमच्या वाड्यावरची गोष्ट आहे.

नाशिकची_वकील

प्रॅक्टिस दिवाणी आणि कौटुंबिक कोर्टात, म्हणून जे रोज बघते ते सांगते.

मुलगी सज्ञान, लग्न कायदेशीर, तरी पहिली गोष्ट काय होते तर वडील पोलीस स्टेशनला मिसिंगची (मुलगी हरवल्याची) तक्रार दाखल करतात. पोलीस दोघांना जबाबाला बोलावतात. जबाब द्यायला काही हरकत नाही, पण बाहेर पंचवीस-तीस माणसं गाड्या घेऊन उभी असतात, आत एखादे साहेब मुलीला म्हणतात "बाळा, आईकडे बघ जरा, दोन दिवस घरी जाऊन ये". तिथून घरी गेलेली मुलगी पुन्हा दिसत नाही असं होऊ शकतं, म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते, सज्ञान मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध कुणाच्याही ताब्यात द्यायचा अधिकार पोलिसांना नाही. ती नवरा किंवा वकील सोबत घेऊन जाऊ शकते आणि "मला घरी जायचं नाही" हे लेखी जबाबात आलंच पाहिजे. मुलीचं वय अठराच्या आत दाखवता आलं तर मुलावर अपहरण आणि पॉक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माचा दाखला मुलीने स्वतःजवळ ठेवावा.

विशेष विवाह कायद्याची (१९५४) तीस दिवसांची नोटीस ही दुसरी अडचण. ऑफिसच्या बोर्डावर नावं-पत्ते लागतात. ज्यांच्यापासून जीव वाचवायचा त्यांनाच महिनाभर आधी कळवायचं! अलाहाबाद हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की नोटीस जाहीर करायची की नाही ते जोडप्याने ठरवावं, पण तो निकाल तिकडचा, आपल्याकडे बोर्डावर लागतेच. दोघं हिंदू असतील तर हिंदू विवाह कायद्याखाली विधीने लग्न करून नोंदणी करता येते, तिथे ही नोटीस नाही. आंतरधर्मीय जोडप्यांना मात्र धर्म न बदलता लग्न करायचं तर बहुतेक वेळा दुसरा रस्ता नसतो.

सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप असो की घरचे, कुणालाही आडवं यायचा हक्क नाही, आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, हेल्पलाइन, सुरक्षित निवारा हवा. आपल्याकडे ह्याला वेळ लागला, साताऱ्यात अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) कार्यकर्त्यांनी स्वतः निवारा उभा केला. धोका असेल तर हायकोर्टात संरक्षण मागता येतं, आधी एसपी ऑफिसला लेखी अर्ज देऊन पोच घ्या, ती पोच पुढे फार कामाला येते.

आणि खर्ड्याबद्दल. साक्षीदार फितूर झाला की लोक त्याला शिव्या देतात. पण त्याला त्याच गावात राहायचं असतं, त्याच विहिरीचं पाणी, त्याच सोसायटीचं कर्ज. महाराष्ट्राचा साक्षीदार संरक्षणाचा कायदा २०१७ चा आहे, देशभराची साक्षीदार संरक्षण योजना सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केली, खर्ड्याचा निकाल त्याआधीच लागून गेला होता. आता हा कायदा आहे तर साक्षीदाराने स्वतः अर्ज करायची वाट न बघता सरकारी वकिलांनी पहिल्या महिन्यातच विचारलं पाहिजे, असं मी बार रूममध्ये नेहमी बोलते.

माणदेशी_गडी

वकील ताई, एक विचारायचं होतं. पोलिसात जाऊन जबाब दिलेली गावातली माणसं कोर्टात का फिरत्यात, नुसती भीतीच का? मला वाटतं निम्मी भीती आणि निम्मं मनातनं पटलेलं असतं की पोरानं केलं ते बरोबरच केलं. भीती असंल तर संरक्षण देता यील, पटलेलं असंल तर काय करायचं?

सुनंदा_लातूर

@माणदेशी_गडी दोन्ही असतंय. पण पटलेलं बदलतं, मी बघितलंय. आमच्या गटातल्या एका घरी लेकीनं परजातीत लग्न केलं तेव्हा आम्ही आठ-दहा बायकांनी ठरवून हळदीकुंकवाला त्या आईला पहिलं बोलावलं, तिच्या घरी गेलो, तिथं जेवलो, आणि सगळ्या गावाला दिसेल असं. काही जणींना घरी बोलणी बसली, एकीला नवऱ्यानं गट सोडायला लावला. पण ती आई उभी राहिली, लेक बाळंतपणाला माहेरी आली. भावकीचा बहिष्कार चालतो कारण सगळे एकदम पाठ फिरवतात, चार घरांनी फिरवली नाही की त्याचा जोर जातो. दहाव्याच्या त्या जेवणाला गोदाकाठच्या ताईंच्या गावातल्या पाच घरांनी जरी "आम्ही येत नाही" म्हणलं असतं तरी त्या बापाला आधार झाला असता.

एक_बाप

सगळं वाचतोय, काल रात्री बायकोलाही वाचून दाखवलं. "कधीही परत ये" हे वाक्य मोठीला आज सांगितलं, लग्नाचा विषय नसतानाच.

वकील मॅडम, एक प्रश्न. माझ्या बहिणीची सही आम्ही भावांनी वडील गेल्यावर घेतली होती, २०१९ ला. रजिस्टर हक्कसोड. तिला तेव्हा नीट समजावून सांगितलं होतं असं मला वाटत नाही. आता मोठ्या भावाची तयारी नाही पण मला माझ्या वाटणीतून तिचं तिला द्यायचं आहे. काय करता येईल?

नाशिकची_वकील

@एक_बाप नोंदणीकृत हक्कसोड रद्द करायचं तर बहिणीला दिवाणी कोर्टात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागेल, आणि मुदत तिला ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षं. त्या भानगडीत मोठे भाऊ अडून बसतील, वर्षं जातील. तुमच्या वाटणीचं तुम्हाला द्यायचं असेल तर त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, फक्त आधी तुमच्या भावांमध्ये रीतसर वाटप होऊन सातबारा वेगळा झाला पाहिजे. तो झाला असेल तर बहिणीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. तोंडी देऊ नका, पुढे तुमच्या मुलांच्या काळात ते टिकणार नाही. सातबारा, फेरफार आणि त्या हक्कसोडीची प्रत घेऊन तिकडच्या एखाद्या दिवाणी वकिलाला भेटा, आणि बहिणीला सोबत न्या, ह्यावेळी कागद तिने स्वतः वाचू दे.